एका जहाजानंतर दुसरं जहाज

मांद्रे, मोरजी, हरमलच्या किनाऱ्यावर होड्या आहेत, रापण आहे, पण जहाज बांधणारी गोदी नाही. पेडणे तालुक्यातल्या माणसाला मोठं जहाज दिसतं ते लांब क्षितिजावर. एखादं मुरगाव बंदराकडे निघालेलं मालवाहू असतं, एखादी तटरक्षक दलाची पांढरी गस्ती नौका असते. या पांढऱ्या नौकांपैकी बऱ्याच वास्कोला, गोवा शिपयार्डमध्ये बांधल्या गेल्या आहेत. त्यांचं गिऱ्हाईक एकच, भारत सरकार.

मांद्रेत वाणिज्य आणि अर्थशास्त्र शिकवणारं कॉलेज आहे. तिथल्या कोणाही विद्यार्थ्याला पडावा असा प्रश्न यातून उभा राहतो. चीन, दक्षिण कोरिया आणि जपान हे तीन देश मिळून जगातली ९० टक्क्यांहून अधिक जहाजं बांधतात. भारताचा वाटा एक टक्काही नाही. मग सरकारला नौका हवी असेल तर ती जिथे लवकर आणि स्वस्त मिळेल तिथून का घेऊ नये? करदात्याचा पैसा वाचेल, तटरक्षक दलाला नौका वेळेवर मिळेल. प्रश्न रास्त आहे आणि देशप्रेमाचा दाखला देऊन तो टाळता येत नाही. उत्तर शोधायचं तर जहाज बनतं कसं, इथून सुरुवात करावी लागते.

पोलादी पत्रे कापायचे, वाकवायचे, एकमेकांना वेल्डिंगने जोडून त्यांचे मोठे तुकडे करायचे. या तुकड्यांना गोदीत ब्लॉक म्हणतात. ब्लॉक जमिनीवर असतानाच त्यात शक्य तितके पाइप बसवतात, केबल नेण्याच्या वाटा करून ठेवतात. मग ब्लॉक क्रेनने उचलून एकमेकांना जोडतात आणि जहाजाचं शरीर उभं राहतं. त्यानंतर जलावतरण. ज्यांनी ते फक्त वर्तमानपत्रातल्या फोटोत पाहिलं असेल त्यांना वाटतं की जहाज तयार झालं. पण युद्धनौकेच्या बाबतीत इथून पुढे दीड-दोन वर्षांचं काम बाकी असतं. यंत्रं, वीज, वातानुकूलन, रडार, शस्त्रं, रंग आणि शेवटी समुद्रावरच्या चाचण्या.

यातली मेख अशी की प्रत्येक टप्प्याचे कारागीर वेगळे. पत्रे कापणारे आणि जोडणारे हात पहिल्या काही महिन्यांत राबतात. जहाज पाण्यात उतरलं की त्यांचं काम संपतं आणि पाइप फिटर, इलेक्ट्रिशियन, इलेक्ट्रॉनिक्सवाले यांची गर्दी सुरू होते. त्या वेळी कटिंग शॉपमध्ये दुसऱ्या जहाजाचं पोलाद येऊन पडलं नसेल तर अर्धी गोदी हात बांधून बसते. पगार द्यावेच लागतात, क्रेन गंजू द्यायची नसते, कर्जाचं व्याज थांबत नाही. म्हणजे एकच जहाज बांधणारी गोदी कितीही कुशल असली तरी तोट्यात जाण्याचीच शक्यता जास्त. गोदीला जहाजांची रांग लागते. एक चाचण्यांवर, दुसरं धक्क्याला, तिसरं ब्लॉकच्या अवस्थेत आणि चौथं कागदावर.

ही रांग कोण देऊ शकतं? खासगी जहाजमालक मालवाहतुकीचे दर चढले की पाच जहाजं मागतो आणि दर पडले की पुढची काही वर्षं फिरकत नाही. नौदल आणि तटरक्षक दलाला मात्र पुढच्या १५ वर्षांत कोणती जहाजं निवृत्त होणार आणि त्यांच्या जागी किती लागणार हे आजच माहीत असतं. सरकारी खरेदीची खरी ताकद इथे आहे. सरकार उदार असेल वा नसेल, त्याची गरज आधी सांगता येते, आणि एवढ्यावर उद्योग उभा राहतो.

रांग तुटली की काय होतं, याचं सर्वांत महागडं उदाहरण मुंबईत घडलं. १९८१ मध्ये भारताने जर्मनीच्या एचडीडब्ल्यू कंपनीशी पाणबुड्यांचा करार केला. दोन पाणबुड्या जर्मनीत बांधायच्या आणि दोन माझगाव डॉकमध्ये. पाणबुडीचं कवच जोडणं हे साध्या जहाजाच्या वेल्डिंगपेक्षा फार वेगळं काम आहे. खोल पाण्याचा प्रचंड दाब त्या प्रत्येक सांध्यावर येतो, म्हणून सांधा क्ष-किरणांनी तपासतात आणि बारीकशी पोकळी सापडली तरी तो उकरून पुन्हा भरतात. माझगावचे कामगार आणि अभियंते जर्मनीत जाऊन हे शिकून आले. ७ फेब्रुवारी १९९२ ला आयएनएस शल्की नौदलात आली, भारतात बांधलेली पहिली पाणबुडी. १९९४ मध्ये तिच्यापाठोपाठ शंकुल आली. आणि तिथेच सगळं थांबलं. करारातल्या दलालीच्या आरोपांचं वादळ १९८७ मध्येच उठलं होतं आणि पुढच्या दोन पाणबुड्यांचा विचार त्यात बुडाला.

कवच जोडायला शिकलेले ते हात पुढे काय करणार? कोणी निवृत्त झाले, कोणी परदेशी गोद्यांमध्ये गेले, कोणी साध्या जहाजांच्या कामाला लागले. २००५ मध्ये फ्रेंच आराखड्याच्या सहा स्कॉर्पीन पाणबुड्यांचा १८,७९८ कोटी रुपयांचा करार झाला तेव्हा माझगाव डॉकला बरंचसं शिक्षण नव्याने घ्यावं लागलं. पहिली पाणबुडी २०१२ मध्ये मिळायची होती, आयएनएस कलवरी आली डिसेंबर २०१७ मध्ये. या विलंबाला इतरही कारणं होती, सामग्रीच्या खरेदीतली दिरंगाई हे त्यांतलं मोठं. पण मधल्या दशकभरात हातातून निसटलेलं कौशल्य पुन्हा मिळवण्याची किंमत देशाने दोनदा मोजली, हे नाकारता येत नाही. सहावी पाणबुडी, आयएनएस वाघशीर, १५ जानेवारी २०२५ ला दाखल झाली. पुढच्या पाणबुड्यांसाठीच्या वाटाघाटी त्याच वर्षी सुरू झाल्या. म्हणजे पहिल्या रांगेतलं शेवटचं जहाज बाहेर पडलं तेव्हा दुसऱ्या रांगेचा करारही झालेला नव्हता. शंकुलनंतर जे झालं ते पुन्हा होऊ नये असं वाटत असेल तर हे अंतर वर्षांत मोजायची वेळ येता कामा नये.

रांग अखंड राहिली तर काय होतं हे अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात दाखवलं. सरकारने लिबर्टी नावाच्या एकाच साच्याच्या मालवाहू जहाजांची मागणी नोंदवली आणि १९४१ ते १९४५ या काळात २,७१० जहाजं बांधून घेतली. सुरुवातीच्या जहाजाला सुमारे २३० दिवस लागत होते. पुढे सरासरी ४२ दिवसांवर आली. कामगारांतले कितीतरी आधी कधी गोदीत पाऊल न टाकलेले, स्त्रियाही मोठ्या संख्येने. आराखडा तोच, चुका एकदाच करायच्या आणि पुढच्या जहाजात टाळायच्या.

आता गोव्याकडे येतो, कारण मागणीवर जगणं आणि मागणीवाचून मरणं या दोन्ही गोष्टी या छोट्या राज्याने पाहिल्या आहेत.

गोवा शिपयार्डचा जन्म खनिजातून झाला. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतलं लोहखनिज जपानला जाऊ लागलं तसं ते नदीमार्गे मुरगावला पोचवायला बार्ज हव्या झाल्या. १९५७ मध्ये पोर्तुगीज राजवटीने वास्कोला ‘एस्तालेरोस नावाइस द गोवा’ ही गोदी काढली ती या बार्जच्या कामासाठी. १९६१ च्या मुक्तीनंतर ती माझगाव डॉकला चालवायला दिली गेली, १९६७ मध्ये तिचं गोवा शिपयार्ड झालं. सुरुवातीला तिथे बार्ज, टग, ट्रॉलर असं लहानसहान काम चाले. त्याच सुमारास मांडवी आणि झुवारीच्या काठांवर खासगी बार्ज यार्डही उभे राहत होते. एकाच पाण्यावर दोन प्रकारच्या गोद्या वाढत होत्या. खासगी यार्डांचं गिऱ्हाईक खाणमालक, गोवा शिपयार्डचं गिऱ्हाईक हळूहळू संरक्षण मंत्रालय.

डिचोली तालुक्यातल्या सारमानस आणि आमोणेच्या धक्क्यांवरून भरलेल्या बार्ज मांडवीतून खाली जायच्या. पावसाळ्यात आग्वादचा वाळूचा बांध ओलांडणं धोक्याचं, म्हणून त्या कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुवारीत उतरायच्या. २०१०-११ च्या सुमाराला गोव्यातून वर्षाला सुमारे पाच कोटी टन खनिज बाहेर जात होतं आणि बार्ज बांधणाऱ्याला उसंत नव्हती. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवलं, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. ते काही काळ पुन्हा सुरू झालं, पण ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ लीज रद्द ठरल्या. बार्ज नांगरून पडल्या, कित्येक भंगारात गेल्या. डिचोलीतल्या ज्या घरांनी कर्ज काढून ट्रक आणि बार्ज घेतल्या होत्या त्यांची अवस्था या भागात कोणाला सांगायला नको. खाणकाम ज्या पद्धतीने चाललं होतं ते थांबायलाच हवं होतं, असं माझं ठाम मत आहे. इथे मुद्दा वेगळा आहे. चीनला हव्या असलेल्या खनिजावर आणि त्याच्या भावावर ज्या यार्डांचं पोट होतं, त्यांच्या हाती दुसऱ्या गिऱ्हाइकाची चिठ्ठी नव्हती.

गोवा शिपयार्डकडे ती होती. १९९६ मध्ये तटरक्षक दलाची ‘समर’ ही मोठी गस्ती नौका इथून बाहेर पडली. त्या जातीच्या आणखी नौका झाल्या. १९९७ मध्ये नौदलाचं शिडाचं प्रशिक्षण जहाज ‘तरंगिणी’ आलं, जे २००३-०४ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करणारं भारतीय नौदलाचं पहिलं जहाज ठरलं. मग गोदीने स्वतःच्या आराखड्यावर १०५ मीटर लांबीच्या ‘सरयू’ जातीच्या चार नौका नौदलाला २०१३-१४ मध्ये दिल्या. त्याच अनुभवावर तटरक्षक दलाच्या ‘समर्थ’ जातीच्या सहा नौका २०१५ ते २०१७ या काळात आल्या, आणि करारात ठरलेल्या तारखांच्या आधी आल्या. भारतीय सरकारी गोद्यांबद्दल ‘उशीर’ हाच शब्द ऐकायची सवय झालेल्या वाचकाने इथे थांबून विचार करावा. कामगार तेच, व्यवस्थापन सरकारीच. फरक पडला तो एकाच साच्याची जहाजं ओळीने करायला मिळाल्यामुळे. २०१७ आणि २०१८ मध्ये श्रीलंकेच्या नौदलात ‘सयुराला’ आणि ‘सिंदुराला’ या दोन गस्ती नौका दाखल झाल्या, त्याही वास्कोच्याच. म्हणजे घरच्या सरकारने वीस वर्षं मागणी दिली तेव्हा कुठे परदेशी सरकार खरेदीला आलं.

पुढची पायरी ‘त्रिपुट’ची. रशियन आराखड्याच्या दोन फ्रिगेट इथे बांधण्याचा करार जानेवारी २०१९ मध्ये झाला. १२४.८ मीटर लांब, सुमारे ३,६०० टनांची त्रिपुट २३ जुलै २०२४ ला पाण्यात उतरली, तिची जोडीदार ‘तवस्य’ २२ मार्च २०२५ ला. याच जातीची ‘तमाल’ रशियातल्या कालिनिनग्राडला बांधली गेली आणि जुलै २०२५ मध्ये नौदलात आली. परदेशात बांधून घेतलेली ही शेवटची युद्धनौका, असं नौदलाने म्हटलं आहे. बार्जपासून क्षेपणास्त्रवाहू फ्रिगेटपर्यंत एका गोदीला सहा दशकं लागली.

पण याच गोदीच्या इतिहासात एक मोठी निराशाही आहे आणि तिचा पेडण्याशी योगायोगाने संबंध येतो. १३ नोव्हेंबर २०१६ ला पंतप्रधानांनी गोव्यात पेडणे तालुक्यातल्या मोपा विमानतळाची आणि तुयेच्या इलेक्ट्रॉनिक सिटीची पायाभरणी केली. त्याच कार्यक्रमात गोवा शिपयार्डमधल्या सुरुंगशोधक नौकांच्या प्रकल्पाचाही शुभारंभ झाला. अशा १२ नौका, दक्षिण कोरियाच्या कांगनाम कंपनीच्या तंत्रज्ञानाने, सुमारे ३२ हजार कोटी रुपयांच्या. समुद्रातले अनेक सुरुंग पोलादी जहाजाच्या चुंबकीय प्रभावाने फुटतात, म्हणून या नौकांचं शरीर साध्या पोलादाचं चालत नाही, फायबरसारख्या अचुंबकीय साहित्याचं लागतं. मनोहर पर्रीकर तेव्हा संरक्षणमंत्री होते. गोव्याच्या गोदीला असं विशेष काम मिळावं यासाठी त्यांनी जीव ओतला होता. तंत्रज्ञान देण्याच्या अटींवर आणि किमतीवर वाटाघाटी अडल्या आणि २०१८ च्या सुरुवातीला निविदाच रद्द झाली. मोप्यावरून आज विमानं उडतात. सुरुंगशोधक नौका एकही झाली नाही. नौदलाची शेवटची जुनी सुरुंगशोधक नौका, आयएनएस कोळिकोड, एप्रिल २०१९ मध्ये निवृत्त झाली आणि तेव्हापासून देशाकडे या प्रकारची एकही नौका नाही. जुलै २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने अशा नौकांच्या गरजेला पुन्हा मान्यता दिली. कागदावरची मान्यता आणि कटिंग शॉपमध्ये पडलेलं पोलाद यांत किती वर्षं जातात, हे पाहणं आता गोवेकरांच्याही हिताचं आहे.

सरकारी मागणीचा फायदा गोदीच्या फाटकाबाहेर कसा जातो, हा यानंतरचा भाग. युद्धनौकेच्या किमतीतला निम्म्याहून अधिक पैसा गोदीकडे राहतच नाही. तो पंप, झडपा, केबल, जनित्रं, रंग, वातानुकूलन, इलेक्ट्रॉनिक्स बनवणाऱ्यांकडे जातो. पोलादाचंच पाहा. युद्धनौकेचं पोलाद पूर्वी रशियातून यायचं. विमानवाहू विक्रांतच्या बांधणीच्या वेळी ते मिळेनासं झालं. तेव्हा हैदराबादच्या संरक्षण धातुविज्ञान प्रयोगशाळेने डीएमआर-२४९ए या जातीचं पोलाद विकसित केलं आणि भिलाई, राउरकेला, बोकारोच्या सरकारी कारखान्यांनी ते ओतलं. विक्रांतला सुमारे ३० हजार टन पोलाद लागलं. तेच पोलाद आज देशातल्या इतर गोद्यांमधल्या युद्धनौकांना मिळतं. एका जहाजाच्या मागणीने कायमची एक नवी वस्तू देशात बनू लागली. विक्रांतच्या कामात शंभराहून अधिक लघु आणि मध्यम उद्योगही होते.

छोट्या मागणीतूनही असंच होतं. मांडवीच्या पात्रातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डमध्ये नौदलाने ५६ फुटी शिडाची नौका बांधून घेतली. फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौदलात आली, नाव गोव्याच्याच नदीचं, ‘म्हादई’. तिच्यावरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, असं करणारे ते पहिले भारतीय. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी कुठेही न थांबता फिरून आले. मग त्याच यार्डने ‘तारिणी’ बांधली. तिच्यावर आधी सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये आणि नंतर दिलना आणि रूपा या दोन अधिकाऱ्यांनी २०२४-२५ मध्ये जग पालथं घातलं. २०२३ मध्ये दांडेकरांच्याच होडी इनोव्हेशन्सला केंद्र सरकारने आणखी अवघड काम दिलं. फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याने शिवून प्राचीन पद्धतीचं जहाज बांधायचं. केरळहून बाबू शंकरन यांच्यासारखे जाणते कारागीर आले आणि मे २०२५ मध्ये ‘कौंडिण्य’ कारवारला नौदलात दाखल झालं. शिवलेल्या जहाजांची विद्या हातावर मोजण्याइतक्या माणसांकडे उरली होती. खासगी बाजारात त्याला गिऱ्हाईक कोण होतं? मला या साऱ्या खरेदीत सर्वांत मोलाची वाटते ती ही, रकमेने लहान असूनही.

इतकं सांगून झाल्यावर एक गोष्ट तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. सरकारी मागणी आपोआप चांगली ठरत नाही. अनेक वर्षं युद्धनौकांची कंत्राटं सरकारी गोद्यांना निविदेशिवाय, नेमणुकीने मिळत गेली. गिऱ्हाईक ठरलेलं, किंमत वाढवून मिळण्याची खात्री. मग वेळ पाळण्याची घाई कोणाला असणार? याच्या उलट टोकाला खासगी गोद्यांची कथा आहे. २००७ मध्ये जहाजबांधणीचं ३० टक्के अनुदान संपलं, पुढे जागतिक मंदी आली, तेलाचे भाव पडल्यावर समुद्री तेलक्षेत्राच्या नौकांची मागणी आटली आणि एबीजी, रत्नागिरीतून वाढलेली भारती, गुजरातची पिपावाव या तिन्ही गोद्या दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेल्या. नुसत्या अनुदानावर उभा राहिलेला उद्योग अनुदानाबरोबर कोसळतो. मधला मार्ग ३० मार्च २०२३ च्या करारात दिसला. नौदलाच्या ११ नव्या गस्ती नौकांसाठी स्पर्धा झाली. सर्वांत कमी बोली लावणाऱ्या गोवा शिपयार्डला सात मिळाल्या, कोलकात्याच्या गार्डन रीचला चार. किंमत स्पर्धेने ठरली आणि दोन्ही गोद्यांना रांगही मिळाली. हीच पद्धत नियम व्हावी.

इंजिन ही दुसरी उणीव. मोठ्या युद्धनौकांची गॅस टर्बाइन अजून बाहेरून येतात. त्रिपुट जातीच्या नौकांची युक्रेनमधली. २०२२ मध्ये तिथे युद्ध पेटलं तेव्हा या परावलंबनाचा अर्थ सगळ्यांना कळला. जहाजाचं शरीर आपलं आणि हृदय परक्याचं, ही स्थिती बदलायची तर इंजिनालाही अशीच वीस वर्षांची मागणी द्यावी लागेल.

व्यापारी जहाजांचं क्षेत्र तर याहून मागे आहे. वास्तविक सुरुवात आपली लवकर झाली होती. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांच्या सिंदिया कंपनीचं ‘लॉयल्टी’ ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला निघालं, तो दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. त्यांनीच विशाखापट्टणमला गोदी उभारली आणि १४ मार्च १९४८ ला ‘जलउषा’ तिथून पाण्यात उतरलं. पुढे ती गोदी सरकारकडे गेली, पण मालवाहू जहाजांची सलग मागणी तिला कधी मिळाली नाही. कोरियात ह्युंदाईने उल्सानला गोदीचं काम सुरू केलं ते १९७२ मध्ये. तेलसंकटात परदेशी गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली तेव्हा कंपनीने स्वतःची जहाजवाहतूक कंपनी काढून गिऱ्हाइकांनी नाकारलेली टँकर जहाजं चालवली आणि कोरियात येणारं तेल कोरियन जहाजांतून आणण्याचं धोरण सरकारने राबवलं. आपल्याकडे मात्र आज परदेशी व्यापारातला जेमतेम पाच टक्के माल भारतीय जहाजांतून जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यात बांधणीला अर्थसाह्य २०३६ पर्यंत वाढवलं आहे आणि २५ हजार कोटींचा सागरी विकास निधी आहे. पैशाची तरतूद चांगली आहे. पण तेल कंपन्या, खत कंपन्या, बंदरं यांनी पुढच्या दहा वर्षांच्या जहाजांच्या गरजा एकत्र करून एकाच साच्यात नोंदवल्या तरच त्या पैशाचं चीज होईल.

राज्य सरकारच्या हातातही थोडं आहे. केरी-तेरेखोल, रायबंदर-चोडण अशा मार्गांवर नदी परिवहन खात्याच्या फेरीबोटी चालतात. त्या जुन्या होतात तशा एकेक करून घेण्यापेक्षा पुढच्या दहा वर्षांच्या फेरीबोटींची एकच मागणी, एकाच आराखड्याची, स्पर्धेतून गोव्यातल्या यार्डांना दिली तर खाणबंदीने मोडलेल्या बार्ज यार्डांपैकी काही पुन्हा उभे राहतील. यासाठी दिल्लीची परवानगी लागत नाही.

आणि शेवटी पेडणे-डिचोलीतल्या लोकांसाठी. केंद्र सरकारच्या खात्यांनी आणि सरकारी कंपन्यांनी त्यांच्या वार्षिक खरेदीतला २५ टक्के भाग सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यावा, असा नियम आहे. त्यातला ३ टक्के महिला उद्योजकांसाठी आणि ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी राखीव आहे. गोवा शिपयार्ड त्यात येतं. तुये आणि डिचोलीच्या औद्योगिक वसाहतींतल्या फॅब्रिकेशन, मशिनिंग, रबर, प्लास्टिकच्या कारखान्यांनी उद्यम नोंदणी करून सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर आणि शिपयार्डच्या पुरवठादार यादीत नाव घालावं. जहाजाला लागणाऱ्या शिड्या, दारं, पाइपचे आधार, केबल ट्रे यांसाठी पुण्याचा माल वास्कोला येण्याची गरज नाही. पेडण्यात आणि डिचोलीत सरकारी आयटीआय आहेत. वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन शिकणाऱ्या मुलामुलींनी शिपयार्डच्या शिकाऊ उमेदवारांच्या भरतीची जाहिरात चुकवू नये आणि त्यांच्या पालकांनी वास्को लांब आहे म्हणून त्यांना अडवू नये. नौदलाच्या सात गस्ती नौकांचं काम तिथे पुढची काही वर्षं चालणार आहे.